दापोऱ्याचा शिक्का

सायकलवाल्यांकडे किस्से फार साठतात. पाय फिरत असले तरी तोंड मोकळं असतं, आणि आम्ही तर बहुतेक कचेरीतली माणसं, म्हणजे तोंडाला सराव होताच. त्या काळी राज्यांची नवी आखणी चालली होती. नागपूर आपलं राहतं की भोपाळ आपलं होतं, यावर बुऱ्हाणपुरात रोज चहाबरोबर वाद व्हायचा. आम्ही सात जण मात्र दर हिवाळ्यात एका रविवारी लालबाग ते दापोरा आणि परत अशी सायकलची शर्यत लावायचो. सातही सायकली काळ्या आणि जड होत्या. खेळाडू म्हणावा असा आमच्यात एकही नव्हता.

*

शर्यत काढली बाबूरावांनी. ते आमचे हेडक्लार्क. साधी पेन्सिल हवी असली तरी ते अर्ज घेत आणि अर्जात ‘कारण’ असा रकाना असे. शर्यतीसाठीही त्यांनी अर्ज काढला. नाव, वय, सायकलचा बिल्ला नंबर, आणि खाली ‘भाग घेण्याचे कारण’.

पहिल्याच वर्षी प्रभाकरशेठने त्यात ‘घरगुती’ असं लिहिलं. हा आमच्या कचेरीसमोरचा कापडवाला. बाबूरावांनी अर्ज परत केला.

“शेठ, घरगुती कारण रजेला चालतं. शर्यतीला चालत नाही.”

शेवटी त्याने खरं काय ते लिहिलं, ‘वैद्यांनी वजन उतरवायला सांगितले.’

*

प्रभाकरशेठ वैद्यांचा शब्द पाळायचा. रोज सकाळी नेमाने सायकल काढायचा आणि मावा जिलेबीच्या दुकानापर्यंत जाऊन यायचा. तिथे पोचला की दम लागायचा, आणि दम लागलेल्या माणसाने काहीतरी खावं असं त्याचं मत होतं.

तीन महिन्यांनी मी त्याला सायकलच्या दुकानात गाठलं. “काय शेठ, उतरलं का वजन?”

उत्तर दुकानदाराने दिलं, “उतरलं ना साहेब, सायकलचं उतरलं. सीटच्या दोन स्प्रिंगा गेल्या.”

*

माझं कारण साधं होतं. मी नक्कल-कारकून. पैसे साठवून सायकल घेतली, पण ती घरी आली त्या दिवसापासून वडील तिच्यावर बसले ते उतरलेच नाहीत. सकाळी मंडई, दुपारी नदी, संध्याकाळी देऊळ. मी कचेरीत पायीच जायचो. वडिलांकडे सायकल मागायची म्हणजे त्यांनाही कारण लागायचं, आणि शर्यत हे एकच कारण त्यांना पटायचं.

मी रकान्यात लिहिलं, ‘स्वतःची सायकल चालवायला मिळावी म्हणून.’

बाबूरावांनी वाचून शेरा मारला, ‘योग्य’.

*

आता वसंता. आमच्याच कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचा. हडकुळा, पण पायात विलक्षण जोर. त्याच्या लग्नात सासरे मांडवात सगळ्यांदेखत बोलून गेले होते, “जवाई चांगले आहेत, पण खुर्चीवरचे. अंगात दम नाही दिसत.” सासरे दापोऱ्याचे, केळीच्या बागांत हयात गेलेली. त्यांनी ते सहज म्हटलं असेल, पण वसंताच्या ते मनात बसलं. तो दर वर्षी रकान्यात एकच शब्द लिहायचा, ‘जिंकण्यासाठी’.

अडचण अशी की, आम्ही अर्ध्या वाटेतून परत फिरू अशी बाबूरावांना शंका होती. म्हणून प्रत्येकाने दापोऱ्यात कागदावर शिक्का घ्यायचा, असा नियम त्यांनी केला. शिक्का कोणाकडे ठेवायचा? गावात ज्याच्या शब्दाला मान आहे अशा माणसाकडे. तो माणूस नेमका वसंताचा सासरा निघाला.

*

पहिल्या वर्षी वसंता सगळ्यांच्या आधी दापोऱ्यात पोचला. “मामा, लवकर शिक्का द्या.”

“देतो ना. पहेले पाय धुवा.”

जावई दारातून तोंड गोड न करता जातो म्हणजे काय? पाय धुतले, टिळा झाला, पाट मांडला. सासूबाईंनी पहाटेपासून खापरावर मांडे केले होते, रुमालाएवढे मोठे आणि आत पुरण. आम्ही सहा जण अंगणात शिक्के घेऊन निघालो, तेव्हा वसंता दुसरा मांडा नको म्हणत होता. तो सातवा आला.

*

दुसऱ्या वर्षी त्याने आधी पत्र पाठवलं. शर्यत आहे, जेवण करू नये. मामांनी पत्राचा मान राखला. जेवण केलं नाही. नुसता चहा ठेवला.

पण चहा चार घरी होता. गावाचा जावई तो सगळ्या भाऊबंदांचा जावई, आणि एकाकडे घेऊन दुसऱ्याकडे नको म्हणता येत नाही. वसंता पुन्हा सातवा आला आणि तीन दिवस पित्ताने आडवा होता.

*

तिसऱ्या वर्षी आम्ही अक्कल चालवली. वसंता गावाबाहेर केळीच्या आड थांबला आणि त्याचा कागद मी नेला. मामांनी कागदावरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारून दिला. वसंता दुसरा आला. आम्ही त्याला खांद्यावर घेतला.

नंतर कळलं की सासूबाई मांडे झाकून दुपारपर्यंत दाराशी बसल्या होत्या. वसंताची बायको इंदूवहिनी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. माझ्याशी तर महिनाभर बोलली नाही. कागद मी नेला होता, त्यामुळे मलाच जास्त लाज वाटली. पुढच्या रविवारी आम्ही दोघं दापोऱ्याला माफी मागायला गेलो. तिथे आम्हाला जेवायला घातलं.

*

चौथ्या वर्षी राज्यं वाटली गेली आणि कचेरीत नोकरांच्या याद्या लागल्या. कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार. वसंताचं मूळ गाव वऱ्हाडातलं, म्हणून त्याचं नाव पलीकडच्या यादीत गेलं. हुकूम अकोल्याचा होता. कचेरीत आम्ही हसत होतो, पण मला आतून वाईट वाटत होतं. ही त्याची शेवटची शर्यत, आणि तो अजून एकदाही जिंकला नव्हता.

त्या वर्षी त्याने कारणाचा रकाना कोरा ठेवला. बाबूराव अर्ज परत करायला निघाले तर म्हणाला, “जिंकलो तर आल्यावर भरतो.” बाबूरावांनी नाइलाजाने ठेवून घेतला.

दापोऱ्यात तो पहिला पोचला, मी त्याच्या मागोमाग. मामा रस्त्यावरच उभे होते. हातात शिक्का, बगलेत शाईची गादी. वसंता सवयीने उतरायला लागला.

“उतरू नका जवाईबापू. आना तो कागद.” मामांनी मागच्या कॅरिअरवर ठेवून शिक्का मारला. “निघा आता.”

वसंता बघतच राहिला.

“निघा म्हटलं ना.”

तो निघाला. मी माझा कागद पुढे केला. मामांनी शिक्का खिशात टाकला.

“तुम्ही बसा. पाय धुवा.”

“मामा, शर्यत आहे.”

“आहे ना. जवाई चालले अकोल्याला. त्यांचे दोस्त आमच्या दारातून उपाशी जातीन काय? शिक्का जेवल्यावर.”

एकेक जण येत गेला आणि पाटावर बसत गेला. सहा पाट आधीपासून मांडलेले होते. प्रभाकरशेठने तर विरोधही केला नाही. निघताना प्रत्येकाला टिळा, टॉवेल आणि टोपी मिळाली.

दीड तासाने आम्ही टोप्या घालून लालबागेत पोचलो. वसंता शर्यतीच्या बक्षिसाचा कप मांडीवर घेऊन एकटाच बसला होता. शेजारी बाबूराव अर्ज आणि दौत घेऊन बसलेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. वसंताने आमच्या टोप्यांकडे पाहिलं.

“काय होतं जेवायला?”

“मांडे,” मी म्हटलं.

त्याने कप एका मांडीवरून दुसरीवर घेतला. मग विचारलं, “उरलेत?”

“सासूबाईंनी झाकून ठेवलेत.”

त्याने कप माझ्या हातात दिला, सायकल उचलून फिरवली आणि दापोऱ्याच्या रस्त्याला लागला.

“अहो, कारणाचा रकाना!” बाबूराव ओरडले.

“तुम्हीच भरा!”

बाबूरावांनी चष्मा पुसला. टाक दौतीत बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘घरगुती’.