येवल्याच्या चार पिढ्यांची साफसफाई

येवल्याच्या एका सज्जन घराण्याच्या चार पिढ्या मी एका दुपारी नाहीशा केल्या. तेही कपातला चहा निवायच्या आत!

आमचे वडील अप्पा नाशिकचे क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तीर्थाला येणाऱ्यांचे पिढीजात गुरुजी. यजमानांच्या वाडवडिलांच्या सह्या असलेल्या जाडजूड वह्या आमच्या घरात. दोन हजार सालानंतर आमच्याकडे कॉम्प्युटर आला, आणि थेट माझ्या अंगातच आला! (अजून उतरलेला नाही, असं बायको म्हणते.) "अप्पा, वह्या माळ्यावर टाका!" असं फर्मान काढून मी वर्षभर सह्या स्कॅन केल्या. एकेक फाईल हत्तीएवढी!

येवल्याचे गणपतराव जीप भरून येणार, नेमका त्याच दिवशी कॉम्प्युटर फुगून बसला. डिस्क फुल! प्रिंट निघेना. वंशावळ दाखवता आली नाही तर पिढीजात यजमान तुटणार. (शेजारचे गुरुजी टपलेलेच होते.)

"अरे, निघेल ना?" अप्पांनी सतराव्यांदा विचारलं.

"नुसता कचरा साठलाय अप्पा, आत्ता काढतो!"

आणि कचरा सापडलाच, येवल्याच्याच फोल्डरमध्ये! महादू एक, महादू दोन, महादू तीन. गणपत एक, दोन, तीन. एकच माणूस तीन-तीनदा? मीच दिलेली नावं, पण आठवतंय कुणाला! नंबर एकचे ठेवले, बाकीचे चौघे उडवले, वर रिसायकल बिनही रिकामा केला. कॉम्प्युटर असा उधळला, की टेबल धरून ठेवावं लागलं!

गणपतराव पेढे घेऊनच आले. "गुरुजी, पोरगा झाला! नाव लिवा, महादू. माझ्या बापाचं. आमच्यात आज्याचं नाव नातवाला, पार पहिल्यापासनं!"

म्हणजे ते तीन महादू ही तीन वेगळी माणसं होती! तोवर प्रिंट त्यांच्या हातात.

"बाप कुठंय माझा?" त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "आजा नाय. पणजा नाय. आन् गुरुजी... ह्याच्यात मी बी नाय! मागल्या येळंला सही केली व्हती की म्या!"

अप्पा स्टुलावर चढले, माळ्यावरची वही काढली, दोनदा शिंकले आणि नेमकं पान उघडलं. सहाच्या सहा जण हजर! बापाच्या सहीवरून बोट फिरवताना गणपतरावांचे डोळे भरून आले. खाली शाईनं नवा महादू चढला. यजमान वाचला.

जीप गेल्यावर अप्पा माझ्याकडे वळले. "आपल्याकडेही आजोबा सदाशिव, तूही सदाशिव. एक जास्तीचाच आहे की!"

मी आजोबांच्या फोटोकडे पाहिलं. ते बिचारे एका खिळ्यावर मावले होते. जागा अडवून बसला होता तो सदाशिव नंबर दोन!