परकराच्या नाडीखालची काळी खपली

माझी धाकटी बहीण पैठणजवळच्या एका खेड्यात दिली आहे. पाऊस सरता सरता ती रोज बांधावरचं गवत कापायला जायची. त्यातच तिला ताप भरला. ताप चढायचा, उतरायचा, पण झोप काही केल्या उतरेना. भाकरी थापता थापता तिची मान खाली पडायची. तिची सासू, तिच्या तोंडी आत्याबाई, हिनं मला फोनवर सुनावलं, "दिवसाढवळ्या झोपती तुमची बहीण. आमच्यात असलं नाय चालत." तापाचं अक्षरही नाही.

गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. आमच्याकडं सलाईन लागलं की उपचार झाला, असं सगळेच धरून चालतात, डॉक्टरसुद्धा. घरी आणल्यावर पुन्हा तिच्यापुढं परात.

मी शहरातल्या गारखेड्याहून गाडी घेऊन गेले, तेव्हा ती मला धड ओळखेना. भांडून तिला शहरात आणलं. तिच्या सासूबाईही आल्या, कारण लोक काय म्हणतील.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला आणि तिच्या परकराची नाडी सैल करायला सांगितली. कमरेवर काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी.

"नाडी घासून झालंय ते. समद्या बायांना व्हतंय," सासूबाई म्हणाल्या.

यात खोटं काही नव्हतं. आमच्या बायकांच्या कमरेला वळ असतातच, म्हणून तर तिकडं कुणी बघत नाही.

डॉक्टरीणबाईंनी खपलीभोवती दाबून पाहिलं. बहीण हललीसुद्धा नाही. "घासलेलं असतं तर दुखलं असतं, मावशी. गवतात डोळ्यांना न दिसणारा किडा असतो. तो चावलेला कळत नाही, नुसती अशी खपली धरते. मग ताप येतो, ग्लानी येते. तपासणी होत राहील, औषध आत्ताच सुरू करते. आणखी झोपू दिलं असतं, तर हाती लागली नसती."

झोपू दिलं असतं! तिला झोपू दिलं होतं कुणी? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

औषध साधंच होतं, कुठल्याही मेडिकलवर मिळणारं. दोनेक दिवसांत ताप उतरला. सकाळी बहिणीनं डोळे उघडले, खिडकीतलं ऊन पाहिलं आणि हाताला सुई असतानाच धडपडत उठून बसली.

"ताई, लई उशीर झाला गं," पदर सावरत ती कुजबुजली. "आत्याबाईंना सांगू नको मी झोपले व्हते म्हणून."