बंद पाडलं ते काम

हे कुणाच्या हाती लागलंच, तर शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात आणि अक्षराला हसू नये. मी चौथीपर्यंत शिकले. पुढं पियानोच्या बाई म्हणाल्या, "शाळा की पियानो, एकच काय ते नीट होईल." शाळेची फी जास्त होती, म्हणून वडिलांनी पियानो निवडला.

तर, दामू सावंत दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी उजव्या हाताच्या चार ओळी घोळवत होते. सकाळपासून त्याच चार. प्रॅक्टिस म्हणजे हेच. लोकांना वाटतं, आम्ही घरी बसून छान छान वाजवतो. छान वाजवायचं ते कन्सर्टच्या दिवशी. घरी नुसते तुकडे, शेजाऱ्यांचं डोकं उठेपर्यंत.

दामू गिरगावात आमच्या मागच्या चाळीत राहायचा. लालबागच्या गिरणीत मागावर होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं आमच्या वाडीतलं सगळं तोच बघायचा. त्या दिवशी हरताळ होता.

"गो बाय," तो म्हणाला, "आज काम बंद. झाकण लाव."

मला बाहेरच्या माणसांशी बोलताच येत नाही. बोलली रोझीआत्या. ती दारासमोर उखळात बाटलीचा मसाला कुटत होती. आम्हा ख्रिस्ती लोकांत वर्षाचा मसाला एकदम कुटून बाटल्यांत भरतात. आत्या मिरच्या विकत घेऊन लोकांना मसाला करून द्यायची. वडील गेल्यावर आमचं घर त्या उखळावर चाललं होतं.

"काम? कोण करतं काम?" आत्या म्हणाली. "मी मुसळ हाणते ते काम. ही बोटं हाणते ती मजा."

"पैसे मिळतात ना तिला?"

"परवा फोर्टात कन्सर्ट आहे. तिकिटं खपली तर देणार म्हणतात."

"मग काम झालं. आज बंद."

माझ्या वाजवण्याला कुणी काम म्हटलं, ते पहिल्यांदाच. तेही बंद करायला सांगताना. मला इतका आनंद झाला की मी लगेच झाकण लावलं.

आत्यानं मुसळ थांबवलं. "आणि माझं?"

"तुझं चालू दे, आत्याबाय. मसाला काय, घरकाम."

"घरकाम? दाम्या, पैसे मोजून घेते मी लोकांकडनं!"

"तरी मसालाच ना गो? बायका कुटतातच."

आत्यानं मुसळ भिंतीला लावलं, उखळावर घमेलं पालथं घातलं आणि पायरीवर जाऊन बसली. "माझापण हरताळ."

"तुला कुणी सांगितलं नाय."

"म्हणूनच."

भाजलेल्या मिरच्या संध्याकाळपर्यंत सादळल्या. मी दिवसभर मांडीवर बोटं फिरवली. दामूनं दोनदा डोकावून बघितलं, पण आवाज नसल्यामुळे त्याला ते काम वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलवर गेले तर तिथला पियानो उतरलेला. पियानोच्या आत तारा असतात. दमट हवेत त्यांचा सूर बिघडतो. तो लावून देणारा माणूस म्हणजे ट्यूनर. कन्सर्ट भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "तुम्हीच ट्यूनर आणा. बिल आम्ही देऊ." ट्यूनरचे चाळीस रुपये आत्याकडून घेतले. ते तिचे मिरच्यांचे पैसे. ते परत आले नाहीत तर पुढचा मसाला नाही, आणि मसाला नाही तर चूल नाही.

कन्सर्ट बरा झाला. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यामुळे खोकलाही अर्धाच.

बिल घेऊन मी दादरला साहेबांच्या घरी गेले. साहेब वकील, बोलणं अगदी शुद्ध.

"तिकिटं खपली नाहीत हो," ते म्हणाले. "आणि तुम्ही तर कलावंत. काम, मजुरी असला हिशेब कलेत आणू नये. ही सेवा असते."

मी "बरं" म्हणाले. त्यांनी चहा दिला, तोही प्याले.

"बरं म्हणालीस?" आत्या घरी ओरडली. "हरताळाला काम आणि पैसे द्यायच्या वेळी सेवा? चल दाम्याकडे."

दामूनं सगळं ऐकून घेतलं. त्याला माझ्या चाळीस रुपयांचं तितकं लागलं नाही, दुसरंच लागलं. "काम नव्हतं तर मी बंद काय पाडलं? म्हणजे आमचा हरताळ खोटा?"

रविवारी आम्ही तिघं दादरला गेलो. साहेबांनी विचारलं, "आपण कोण?"

"हिचं काम बंद पाडणारा," दामू म्हणाला. "साहेब, कन्सर्टला तुमच्या पाहुण्यांना हार घातले ना? हारवाल्याला सेवा सांगितलीत?"

"तो त्याचा धंदा आहे."

"आणि हॉलचं भाडं?"

"अहो, ते द्यावंच लागतं."

"मग ट्यूनरचंच तेवढं सेवेत कसं बसलं?"

साहेब म्हणाले, हा कलेचा प्रश्न आहे, तुम्हाला समजायचा नाही.

"नसेल. पण लालबागच्या सभेत तुमचं भाषण मी पुढं बसून ऐकलं. कष्टकऱ्याची पै बुडवील तो महाराष्ट्राचा वैरी, म्हणालात. टाळ्या मीच सुरू केल्या."

आतल्या खोलीतून साहेबांची बायको खोकली. कन्सर्टमध्ये वाजवणाऱ्याला खोकल्याचे अर्थ कळायला लागतात. हा खोकला पैसे द्या असा होता.

"वीस आत्ता देतो," साहेब म्हणाले. "बाकीचे पुढच्या महिन्यात."

येताना आत्या रस्त्यात थांबली. "आणि माझं कुटणं, दाम्या?"

"पुढच्या हरताळाला पयलं तुझंच बंद पाडतो, आत्याबाय."

आत्या वाटभर खूश होती.

बाकीच्या विसांसाठी मी एकटीच तीनदा दादरला गेले. पहिल्या दोन्ही वेळी चहा मिळाला. तिसऱ्या वेळी मी चहा नको म्हणाले. परक्या घरी मी आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य. साहेबांनी मान खाली घालून पाकीट काढलं.

आपण करतो ते काम आहे की नाही, हे करताना कळत नाही. पैसे मागायला गेल्यावर कळतं. त्या संध्याकाळी आत्यानं नोटा मिरच्यांच्या डब्यात ठेवल्या आणि म्हणाली, "पुरे फिटले. उद्या लवकर बस कामाला."