आडनाव न घेण्याचा ठराव

नव्या कार्यकारिणीच्या स्वागताला कुणाचंही आडनाव घ्यायचं नाही, ही सूचना माझी होती. मंचाच्या बैठकीत वर्षभरात मी तोंड उघडलं ते तेवढ्यासाठीच. आमचा मंच कॉलेजातला, सामाजिक न्यायाचा. तिथे अशी सूचना आली की विरोध करायची सोय नसते. मावळते अध्यक्ष इतके भारावले की त्यांनी तिचा ठराव केला आणि वहीत पुढे 'क्रांतिकारी' असा शेरा मारला.

क्रांती वगैरे काही नव्हती. मला माझं आडनाव माइकवरून ऐकायचं नव्हतं. परळीच्या इंग्रजी शाळेत मी रोल नंबर सतरा होते आणि सुखात होते. इथे पहिल्याच आठवड्यात कळलं की 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न नावासाठी नसतो. मी पहिलं नाव सांगून पुस्तकात डोकं घालायचे. त्यामुळेच मंचातल्या दोन्ही गटांनी सचिवपदासाठी मला मतं दिली.

"का दिली म्हाईत हाय का?" मावळत्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "दोगांनाबी वाटतंय तू त्यांचीच हायस. राहू दे तसंच."

मला ते पद हवं होतं. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म इंग्रजीत अडला की वसतिगृहातल्या मुली माझ्याकडे यायच्या. माझं इंग्रजी पहिल्यांदाच कुणाला खटकत नव्हतं, उपयोगी पडत होतं. सचिवाला मंचाची खोली आणि त्यातला कॉम्प्युटर मिळायचा. एवढ्यासाठी मी आणखी तीन वर्षं गप्प बसायला तयार होते.

अडचण वेगळीच निघाली. नव्या सात जणांत तिघांचं पहिलं नाव एकच. ते जन्मले त्या वर्षी जिल्ह्यात दुसरं नाव शिल्लक नसावं. मग ओळखीसाठी सगळ्यांच्याच नावाला गाव जोडायचं ठरलं: पाटोद्याचा, केजचा, युसूफ वडगावचा. दाराला कुलूप घातलं आणि खिडकी सताड उघडी ठेवली.

कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत होते. मागे दोन मुली पत्रिकेवर पेन घेऊन बसलेल्या.

"वडगावचा म्हंजे कोन गं?"

"घर कुठं हाय त्याचं?"

"बाजाराकडं."

"मंग झालं की!" खूण झाली. वर्गात या दोघींना इतक्या मन लावून लिहिताना मी पाहिलेलं नाही.

माझ्या नावापुढे सूत्रसंचालक 'परळी' म्हणाला. मागची पेनं अडली. वीज केंद्रामुळे परळीत कुठकुठची माणसं येऊन राहिली आहेत, त्यामुळे नुसत्या परळीवरून काही कळत नाही. माझ्या पाठीत पेन टोचलं.

"ताई, मूळ गाव कोन्तं?"

"लांब आहे."

"मामाचं?"

"त्याहून लांब."

"कुलदैवत तर असंल की!"

"आहे."

"मटन खाता का, ताई?" दुसरीने थेट मुळालाच हात घातला.

"तुम्ही खाऊ घालताय का?" हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही.

प्रत्येकाला गुलाब आणि संविधानाची प्रत मिळाली. मग नवा अध्यक्ष, पाटोद्याचा, बोलायला उभा राहिला.

"आडनाव सांगायचं न्हाई, मान्य हाय," तो म्हणाला. "पन माजा बाप मेंढरं राखतो, ते सांगायचं का न्हाई? का ते बी आडनावातच धरलंय? शर्टाला वास येतोय माज्या, पयल्या रांगेला इचारा."

सगळे हसले. तोही हसला.

"खरं सांगू का, बाप आलाय आज. मागं बसलाय. त्याला आमचं नाव लाउडस्पीकरवर ऐकायचं व्हतं. ठराव लई चांगला हाय. पन आज नको व्हता."

सगळे पुन्हा हसले, पण या वेळी थोडं कमी. ठरावाच्या बैठकीला तो नव्हता; ठराव कुणाचा, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मागे खांबापाशी पटका बांधलेले एक गृहस्थ ताठ बसले होते.

आभार मानणं सचिवाकडे असतं. माझ्या कागदावर सात पहिली नावं होती. माइकपाशी गेल्यावर कागद मी खालीच ठेवला.

"नव्या अध्यक्षांचे आभार," असं म्हणून मी त्याचं पूर्ण नाव घेतलं: आधी त्याचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सावकाश घेतलं. खांबापाशी बसलेल्या गृहस्थांनी टाळी वाजवली नाही. शेजारच्याला कोपराने ढोसलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मग बाकीच्यांना तसंच सोडता येईना. एकेक करत सगळ्यांची पूर्ण नावं घेतली आणि शेवटी माझं. मावळत्या अध्यक्षांनी कपाळाला हात लावला.

"हात्तिच्या!" दुसऱ्या रांगेतून, त्या पेनवाल्या मुलींचा आवाज आला. "आमी येगळंच लिव्हलं व्हतं."

त्या दिवसापासून एका गटाने माझ्याशी बोलणं सोडलं. दुसरा गट फार बोलायला लागला, त्याचा जास्त त्रास झाला. मला काढायचं घाटत होतं म्हणे, दोन्हीकडून. पण काढायला बैठक लागते, आणि बैठक बोलावण्याचा अधिकार सचिवाचा असतो.