गाडी मांगं आली

लिलाबाई आणि पुंजाजी जर्मनीला निघाले तेव्हा अर्धं इंझोरी गाव त्यांना पोचवायला फाट्यावर आलं होतं. मुलगा अनुप तिकडे आखेन नावाच्या शहरात एका कारखान्यात इंजिनिअर. शहर अगदी सरहद्दीला लागून. सुट्टीच्या दिवशी नाश्ता एका देशात आणि जेवण दुसऱ्या देशात, असं अनुप फोनवर रंगवून सांगे. लिलाबाईंना त्याचं विशेष वाटत नसे. "आपल्याकडे बी चाय वाशिम जिल्ह्यात अन् जेवन यवतमाळ जिल्ह्यात होते," त्या म्हणत.

पण जो प्रसंग घडला तो यवतमाळच्या हद्दीत घडण्यासारखा नव्हता.

एका रविवारी अनुपनं आईबापांना बेल्जियम दाखवायला नेलं. पुढे अनुप, शेजारी नऊवारीवर स्वेटर आणि पायात बूट घातलेल्या लिलाबाई, मागं पुंजाजी. पुंजाजींना गाडीत बसलं की झोप लागे, मग देश कोणताही असो. एका लहानशा गावातल्या गल्लीत अनुपचं वळण चुकलं. तो थांबला, मोबाईलमधल्या नकाशात डोकं घातलं आणि तसाच रिव्हर्स टाकला. गाडी टी-टी-टी करू लागली.

"अनुप, गाडी वरडून राह्यली."

"वरडू दे आई, ते नेहमीच वरडते."

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. मागं एक छोटी निळी गाडी मुकाट्यानं उभी होती. तिचा दिवा फुटला, तोंड चेपलं. अनुपच्या गाडीचा बंपर लोंबू लागला. पुंजाजी जागे होऊन म्हणाले, "आलं काय?"

निळ्या गाडीतून एक म्हातारी उतरली. लिलाबाईंच्याच वयाची, केस पांढरे. लिलाबाईंनी तिला धरून कडेच्या ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं. म्हातारीनं पर्समधून बिस्किटं काढून लिलाबाईंच्या हातावर ठेवली. ती तिच्या भाषेत बोलत होती, या वऱ्हाडीत, आणि दोघींचं छान चाललं होतं.

इकडे अनुपनं अपघाताचा छापील कागद काढला. तिकडे प्रत्येक गाडीत तो असतोच. दोन्ही ड्रायव्हरांनी मिळून भरायचा, चित्र काढायचं, कोणती गाडी कुठं चालली होती ते बाणानं दाखवायचं आणि सह्या करायच्या. अनुपनं दोन गाड्या काढल्या. मागच्या गाडीला बाण काढला. स्वतःच्या गाडीला बाण काढायचा राहून गेला. म्हातारीजवळ चष्मा नव्हता. तिनं दाखवलं तिथं सही केली आणि वर अनुपच्या गालाला हात लावला.

"काय लिवलं रे?" लिलाबाईंनी गाडीत विचारलं.

"तांत्रिक असते आई थे. तुले नाही समजत."

लिलाबाई जातायेता चार पुस्तकं वाचणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असे, आणि खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला तर तो पत्रे हलवी. त्यांनी मागं वळून म्हातारीकडे पाहिलं, एवढंच.

व्हिसा संपला, दोघं गावी परतले. पुढं तूर निघेपर्यंत सगळं शांत होतं. मग अनुपचा फोन आला. अपघात बेल्जियममध्ये, गाडी जर्मनीची, त्यामुळे दोन देशांतल्या दोन विमा कंपन्या एकमेकींना कागद पाठवत बसल्या होत्या. म्हातारी म्हणते मी उभी होते, अनुप म्हणतो मी उभा होतो. दोन उभ्या गाड्या एकमेकींवर आदळल्या कशा, हे कंपनीला उमगत नव्हतं. साक्षीदार दोन. त्यांतला एक झोपलेला. म्हणून कंपनीला व्हिडिओवर लिलाबाईंचा जबाब हवा होता. सोबत मराठी दुभाषी असणार होती.

"आई, जास्त बोलू नको," अनुप म्हणाला. "इचारलं तेवढंच सांग."

"झालं थेच सांगीन."

"तेच म्हन्तो ना. थोडक्यात सांग."

ठरल्या दुपारी लिलाबाई धुवट लुगडं नेसून, बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्ची मांडून बसल्या. मुलगी रूपा वाशिमला नर्स होती, तिची ड्युटी. त्यामुळे मोबाईल पुंजाजींनी धरला. पडद्यावर कंपनीचा गोरा साहेब आणि पुण्याकडची एक मृदू आवाजाची बाई.

"आजी, काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा हं."

लिलाबाईंनी खोल श्वास घेतला. पोटच्या पोराविरुद्ध बोलायचं होतं. "रस्ता चुकला म्हून अनुप थांबला. मंग गाडी मांगं आली अन् धाडकन बसली."

बाईंनी भराभर भाषांतर केलं. साहेबानं मान हलवली. "आणखी काही, आजी?"

"थे बाई लय चांगली हाय. तिनं मले बिस्कुटं देल्ली."

तेही टिपून घेतलं गेलं. सगळे नमस्कार करून निघून गेले. पुंजाजींनी मोबाईल खाली ठेवला. "पोराच्या इरोधात साक्ष देल्ली तू?"

"इरोधात काय? झालं थे सांगलं," लिलाबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळून डोळे पुसले.

काही आठवड्यांनी अनुपचा फोन आला, तो हसतच. "आई, काम झालं! तुह्या जबाबानं झालं. बंपर त्यांच्या कंपनीनं भरून देल्ला."

लिलाबाईंना क्षणभर कळेना. मग त्यांचा ऊर भरून आला. पोरगा चुकला हे आपण उघड सांगितलं, तरी कंपनीनं त्याचीच गाडी दुरुस्त केली! पुढच्या पौर्णिमेला विहारात त्यांनी त्या परक्या कंपनीची एवढी तारीफ केली की रुखमाबाईंनी विचारलं, कंपनीवाले बौद्ध आहेत काय. शेजारचे जगदेव तर दुसऱ्याच दिवशी दारात आले. त्यांची मोटरसायकल शेणावरून घसरली होती, पण ती ट्रॅक्टरनं उडवली असं दाखवायचं होतं. "तुमी सांगलं का कंपनी आयकते म्हन्तेत, लिलाबाई."

"मी तं शेनच सांगीन, भाऊ."

जगदेवांनी चहा अर्धा टाकला.

सुट्टीला आलेल्या रूपानं तो जबाब भावाकडून मोबाईलवर मागवला आणि आईला मराठी करून वाचून दाखवला. "माझा मुलगा गाडी थांबवून उभा होता. तेवढ्यात दुसरी गाडी मागून आली आणि आमच्यावर धडकली. ती बाई स्वभावानं चांगली आहे; तिनं मला बिस्किटं दिली."

"मांगून?" लिलाबाई उभ्या राहिल्या. "मी मांगं म्हनलं! आपली गाडी मांगं आली! मांगं अन् मांगून एकच असते काय?"

"पुन्यात असंल," पुंजाजी म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा लिलाबाईंच्या नावावर खोटं लागलं होतं, तेही त्यांनी खरं बोलून, आणि तेही दोन देशांच्या दफ्तरात. त्यांनी रूपाकडून कंपनीला कळवलं की जबाब चुकीचा उतरला आहे. कंपनीचं उत्तर फार अदबीचं होतं. साक्षीदाराचं वय आणि मधे गेलेला काळ पाहता पहिला जबाबच जास्त भरवशाचा मानण्यात येतो.

मग त्यांनी अनुपला धरलं. "त्या बाईच्या माथ्यावर तुनं आपली चूक मारली. बाप झोपला होता, मी नाही."

"आई, फाईल बंद झाली. आता काहून उकरतं?"

लिलाबाई यावर भांडल्या नाहीत. फक्त त्यांनी अनुपचा फोन घेणं सोडलं. तो आला की पुंजाजींकडे देत, आणि पुंजाजींशी बोलायला अनुपजवळ विषय नसे. जेवलात काय, जेवलो. पाऊस काय म्हणतो, काही म्हणत नाही. असा महिना गेल्यावर अनुपनं स्वतःच कंपनीला लिहिलं: रिव्हर्स मी टाकला होता. फाईल उघडली. बंपरचे पैसे परत गेले, अनुपचा हप्ता वाढला, आणि माफी मागायला तो त्या गल्लीत म्हातारीचं घर शोधत गेला.

तिनं गाडी केव्हाच विकली होती. कंपनीनं चूक तुमचीच म्हटल्यावर तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. आपण उभ्या होतो हे आपल्याला उगाच आठवतं, आता वय झालं, असं समजून तिनं लायसन देऊन टाकलं होतं.

अनुपनं तिथूनच व्हिडिओ लावला. या वेळी लिलाबाईंनी फोन घेतला. दुभाषी कोणी नव्हती. दोघी बराच वेळ बोलल्या, मधेच हसल्या, एकदा म्हातारीनं डोळे टिपले. अनुप मधे पडून सांगू लागला की ती आता बसनं फिरते, तिला बसच बरी वाटते.

"तू गप्प राय," लिलाबाई म्हणाल्या. "तिले बोलू दे."