टाकीखालचा चेअरमन आणि आमचे दाजी

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे उभे-आडवे पिंजून काढले तरी आमच्या दाजींइतका संतापी माणूस सापडणार नाही, आणि सापडलाच तर दाजी त्याच्यावरही संतापतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उंब्रजला हमरस्त्यालगत त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतकऱ्यांनी विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकायची आणि दाजींनी तिच्यातली काळी पडलेली तार उपसून नवी भरायची, असा तो धंदा. लोकांच्या मोटारी जळतात म्हणून या माणसाच्या घरी चूल पेटते. पण मोटार जळाली की पहिला राग यांनाच येतो. एखाद्याने दबकत सांगितलं, की दाजी, आपोआप जळाली हो, तर दुकानातल्या पाना-पक्कडी थरथरतील असा आवाज लागतो. "आपुआप? आपुआप निस्ते केस पिकत्यात! मोटार जाळाय माणूस लागतो, अन् त्यो माज्याम्होरं हुबा हाय!" मी त्यांचा मेव्हणा असल्यामुळे माझ्यावर ओरडताना ते आदर मात्र सोडत नाहीत. "पाव्हणं, तुमाला अक्कल हाय का?" हे वाक्य मी इतक्या मानाने इतक्या वेळा ऐकलंय, की साताऱ्यात माझ्या कचेरीत कुणी नुसतं 'अहो-जाहो' केलं तरी मला धडकी भरते.

तर असा हा माणूस मोबाइलवर राक्षस पकडतो. खोटं वाटेल, पण खरं आहे. फोनवर आपल्याच गावाचा नकाशा दिसतो, त्यावर हिंडताना कुठे गटाराकाठी, कुठे एस.टी. थांब्यावर चित्रविचित्र प्राणी उगवतात, ते पकडायचे, पोसायचे आणि लढवायचे, असा तो खेळ. तो त्यांच्या फोनमध्ये घातला माझ्या भाचीने, म्हणजे दाजींच्या एकुलत्या एका लेकीने, ती कराडला कॉलेजात होती तेव्हा. ती दाजींना आप्पा म्हणते. पहिले आठ दिवस 'असलं खूळ घरात नको' म्हणून दाजी तिच्यावर ओरडले. नवव्या दिवशी 'दारातला राक्षस सोडून तशीच कशी आत आलीस?' म्हणून ओरडले. मग बापलेकी रोज संध्याकाळी बाजारपेठेतून हिंडायची. पुढे अक्कानेही खेळ घेतला, पण तिने तो आपल्या पद्धतीने घेतला. ती प्राणी पकडते, त्यांना नावं देते, खाऊ घालते; लढायला पाठवायची वेळ आली की म्हणते, "मघाशीच दमलंय त्ये. बसू द्या त्याला." यावरून त्या घरात झालेली भांडणं मी माझ्या कानांनी ऐकली आहेत.

दोन वर्षांपूर्वी त्या लेकीने सांगलीच्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा जैन, घरचा हळदीचा व्यापार, वागायला गोड आणि दाजींच्या बरोबर उलटा, म्हणजे हळू बोलणारा. लग्न नोंदणी पद्धतीने झालं आणि दाजींना ते नंतर कळलं. त्या दिवशी ते ओरडले नाहीत, आणि मला तेच वाईट लक्षण वाटलं. "मला इचारलं का? न्हाई. मग माजाबी काय संबंद न्हाई," एवढंच बोलून त्यांनी दुकान उघडलं. आमच्याकडे लेक माहेरी आपणहून येत नाही. तिला आणायला मूळ पाठवावं लागतं. मुराळी म्हणून भाऊ जातो. भाऊ नसला तर मामा जातो, म्हणजे मी. पंचमीला मी विचारलं, दिवाळीला विचारलं, गावच्या यात्रेला तर गाडीची चावी हातात घेऊन विचारलं. दर वेळी एकच उत्तर, "पाव्हणं, तुमी जेवाय आलाय, जेवा." अक्का आत जाऊन भांडी घासायची आणि मी संतापाने भाकरीचे तुकडे मोडत बसायचो. पण या खेळात सोबत्याला रोज एक भेट पाठवता येते, त्या-त्या जागेच्या चित्रासकट. सांगलीहून रोज सकाळी कृष्णेच्या घाटाचं चित्र यायचं आणि उंब्रजहून पाण्याच्या टाकीचं जायचं. मी एकदा ते पाहिलं आणि विचारलं, तर माझ्यावरच उसळले. "खेळाचा नेम हाय त्यो! आलेली भेट परत कराय लागतीया! तुमाला काय म्हाईत?" असा कुठलाही नियम त्या खेळात नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. या खेळात मधूनमधून एक अजस्र राक्षस येतो. तो एका ठरावीक जागी थोडे दिवस मुक्काम ठोकतो, संध्याकाळी घटकाभरच दर्शन देतो, आणि एकट्यादुकट्याला आवरत नाही. चार-सहा जणांनी त्या जागी उभं राहून, एकजुटीने, घड्याळाच्या आत त्याला पाडायचं. पडला तरच पकडायची संधी. यंदा आलेला राक्षस आगीचा आणि लोखंडाचा होता, आणि येऊन बसला नेमका गावच्या पाण्याच्या टाकीवर. "आगीचा हाय अन् पान्याच्या टाकीवर बसतोय! लाज न्हाई ह्येला!" म्हणून दाजींनी त्याला पहिल्याच दिवशी फैलावर घेतलं. सहकाराशिवाय पडत नाही म्हणून आम्ही त्याचं नाव चेअरमन ठेवलं.

लढाईचा बेत दाजींनी दुकानाच्या शटरवर खडूने काढला, आतल्या बाजूने. त्यामुळे बेत बघायचा तर शटर खाली ओढून, दुकान बंद करून, अंधारात बॅटरी लावून बसावं लागे. बाहेरून गिऱ्हाईक पत्र्यावर थाप मारी आणि आतून दाजी गर्जत, "युद्ध चालू हाय! मागनं ये!" फौज पुढीलप्रमाणे: दाजी, अक्का, दाजींनी दम भरून खेळ घ्यायला लावलेला मी, सैन्यातून निवृत्त झालेले एक शेजारी, ज्यांना सगळे फौजी म्हणत, आणि औषधांच्या दुकानाचा तरुण मालक. हा मेडिकलवाला खरा जाणकार. पण दाजींपुढे जाणकाराचं काय चालतं?

बेत असा, की चेअरमनवर सगळ्यांनी पाळीने चालून जायचं. पाळी कळण्यासाठी आमच्याकडची सामाईक विहीर बघितलेली पाहिजे. चार भावांची एक विहीर असली की आज याचं पाणी, उद्या त्याचं. सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या तर विहीर उपसते, लोड येतो, विजेचा दाब उतरतो आणि मोटारी जळतात. दाजींचं सगळं आयुष्य हे सांगण्यात गेलेलं. तेव्हा पहिल्यांदा फौजी लढणार, त्यांचे प्राणी संपले की मेडिकलवाला, मग मी, मग दाजी आणि शेवटी, तिचं मन झालं तर, अक्का. मेडिकलवाला चाचरत म्हणाला, "दाजी, समद्यांनी एकदम हाणाय पायजे वो. घड्याळ लावलेलं असतंय." दाजी उखडले. "एकदम? लोड कोन घेनार? तुजा बा?" फौजी शिस्तीचा माणूस, त्यांनी मुकाट्याने 'यस सर' म्हटलं.

त्या संध्याकाळी टाकीखाली आम्ही चौघं हात बांधून उभे आणि एकटे फौजी बोटाने फोन बडवतायत, असं दृश्य उंब्रजकरांनी पाहिलं. त्यांची पाळी संपली, मेडिकलवाल्याची सुरू झाली आणि माझा नंबर यायच्या आत घड्याळ संपलं. चेअरमनच्या अंगावर ओरखडादेखील नव्हता. दाजी आमच्यावर ओरडले, फोनवर ओरडले, टाकीवर ओरडले. गावाला पाणी सोडणारा वॉटरमन वरून डोकावून म्हणाला, "दाजी, आज पानी सुटलंय की!" तर त्याच्यावरही ओरडले. मला मात्र असा राग आला होता, की साताऱ्याहून इतका रस्ता तुडवून मी एका राक्षसासमोर पाळीची वाट बघत उभा राहिलो आणि वर शिव्याही मीच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी शटरवरची पाळी पुसली गेली. सगळ्यांनी एकदम चढाई केली. अक्कानेही दोन प्राणी दिले, 'लवकर परत पाठवा' या अटीवर. चेअरमन खरोखर हलला. त्याच्या ताकदीची पट्टी हिरव्याची पिवळी झाली, पिवळ्याची लाल झाली, आणि वेळ संपली. अजून एक गडी हवा होता, आणि तोही पाण्याचे दांडगे प्राणी असलेला. असे प्राणी कुणाकडे आहेत हे शटरमागे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण सोबत्यांचे प्राणी प्रत्येकाला दिसतात. सांगलीला. हा खेळ लांबच्या माणसालाही बोलावणं धाडून लढाईत घेऊ देतो. शेवटी दाजी खडूकडे बघत म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या फोनवरनं बोलवा."

माझं डोकंच फिरलं. मी आजवर त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "दाजी, दोन वर्षं मी तुमच्या उंबऱ्यावर मुराळी होऊन बसलोय. पंचमीला नको, दिवाळीला नको, यात्रेला नको. ही माझी अक्का आत जाऊन रडते ते तुम्हाला दिसत नाही. आणि आता एका चित्रातल्या राक्षसासाठी मी मूळ न्यायचं? तेही फोनवरून? लाज नाही वाटत?" पत्र्याच्या शटरमागे माझा आवाज इतका घुमला, की बाहेरचं गिऱ्हाईक निघून गेलं. दाजी माझ्यावर उसळतील म्हणून फौजी मध्ये सरकले. पण दाजी हळूच म्हणाले, "न्हाई बोलवायचं तर ऱ्हाऊ द्या." तेवढ्यात अक्काने माझ्या हातातला फोन घेतला आणि बोलावणं धाडून टाकलं.

तिसऱ्या दिवशी टाकीखाली लढाई उघडली आणि दुसऱ्याच क्षणी भाची फोनमध्ये हजर झाली. खेळातलं तिचं नाव अजून 'उंब्रज एक्सप्रेस'च होतं. अक्का त्या इवल्याशा चित्राकडे बघत बसली आणि लढायचं विसरली. भाचीचे पाण्याचे प्राणी तुटून पडले, चेअरमन लालीवर आला, पट्टी केसाएवढी उरली आणि पुन्हा वेळ संपली. मेडिकलवाल्याने हळहळत सांगितलं, की लांबून खेळणाऱ्याचा वार कमी बसतो, खेळात तशी योजनाच आहे. जागेवर असती तर हमखास पडला असता.

दाजी त्या संध्याकाळी कुणावरही ओरडले नाहीत. शटर ओढून, बॅटरी लावून बराच वेळ खडूने काहीतरी मांडत, पुसत बसले. मग चहा घेऊन आलेल्या अक्काकडे न बघता म्हणाले, "लांबनं जोर बसत न्हाई. हितं याय पायजे."

"कुनी?" अक्काने विचारलं.

"ज्येचा जोर कमी पडतोय त्येनं." आणि मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या वरच्या पट्टीत, "पाव्हणं, रविवारी त्यो राक्षस जातोय! संध्याकाळी पाचला हितं हुबं ऱ्हायचं! उशीर केला तर बगा!"

रविवारी सकाळी मी मूळ घेऊन सांगलीला गेलो. जावयाने हळदीची पिशवी दिली आणि 'या वेळी तिला एकटीलाच जाऊ द्या मामा, त्यांना दोघांवर एकदम ओरडायला नको,' असं म्हणाला. जेवणाचा आग्रह मोडून मी गाडी काढली. पेठ नाक्यापर्यंत सगळं ठीक होतं. कराडजवळ रस्त्याचं काम काढलेलं, तिथे गाड्यांची जी रांग लागली ती हलेचना. मी त्या रस्त्याला, ठेकेदाराला, पुढच्या ट्रकला आणि सगळ्या चेअरमन जातीला तोंडाला येईल ते बोललो. भाची फोनवरच्या घड्याळाकडे बघत होती. पाच वाजले तेव्हा आम्ही अजून धुळीत उभे होतो. "संपलं मामा," ती म्हणाली. "आता नको जायला. आप्पांनी लढाईला बोलवलं होतं, मला न्हाई."

मी गाडी वळवली नाही. उंब्रजला पोचलो तेव्हा टाकीवर काही नव्हतं, पण टाकीखाली फौज तशीच उभी होती. फौजींनी मला नंतर सांगितलं, की पाच वाजता सगळे म्हणाले, चला, आहोत तेवढे लढू, नशीब असेल तर पडेल. दाजींनी कुणाला बोट लावू दिलं नाही. चेअरमन वेळ भरल्यावर कुणीही न मारता निघून गेला. गाडीचं दार उघडताच दाजी धावून आले ते थेट माझ्या अंगावर. "मसूरच्या रस्त्यानं का न्हाई आला? व्हय? हमरस्त्यावर काम हाय ह्ये शेंबड्या पोराला ठावं हाय! पाव्हणं, तुमाला अक्कल हाय का? सकाळी किती वाजता निगाला? जेवान करीत बसला असशिला!" अख्खा बाजार ऐकत होता. लेकीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पण ओरडता ओरडताच त्यांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, आपल्या खांद्याला अडकवली आणि मागे न बघता, ओरडतच घराच्या दिशेने चालू लागले.

माझाही पारा चढला होता. इतका आटापिटा करून हे बक्षीस. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर भाचीने माझा दंड धरला. तिचे डोळे भरले होते.

"वरडू द्या वो मामा त्यांना," ती म्हणाली. "रोज टाकीचं चित्र यायचं, पर आवाज न्हवता त्यात. लय दिसांनी ऐकतीया."

मग मी गाडी तिथेच लावली. पुढे दाजी, त्यांच्या मागे अक्काचा हात धरून भाची, आणि सगळ्यांत मागे मी, असे आम्ही बाजारपेठेतून घरी गेलो. दाजी माझ्या गाडीला, माझ्या गाडी चालवण्याला आणि साताऱ्याच्या सगळ्या कारकुनांना नावं ठेवत चालले होते, आणि घर येईपर्यंत त्यांना कुणी थांबवलं नाही.