चिटकलंय कुठंतरी

आमच्या घरात शून्य हा वाईट शब्द होता. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, फुलंब्रीला मोटारी भरून द्यायचं, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या. अण्णा मीटरच्या दोन पिना लावायचे आणि काटा शून्यावर गेला की मालकाकडं न बघताच म्हणायचे, "शॉर्ट हाय. भरावी लागंल."

आणि मी संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत याच शून्याच्या मागं लागले होते. लोखंड आणि सेलेनियमची पूड काचेच्या नळीत बंद करून भट्टीत भाजायची, निघालेल्या खड्याला चांदीच्या लेपानं केसासारख्या चार तारा चिकटवायच्या आणि तो गार करत न्यायचा. विजेला होणारा त्याचा विरोध एकदम शून्य झाला, तर तो अतिसंवाहक. त्याला लागणारी खोल थंडी आमच्याकडं नव्हती, त्यासाठी खडे बाहेरगावी पाठवावे लागत. आमच्याकडं होता द्रव नायट्रोजन, जनावरांच्या रेतन केंद्रात असतो तोच. पाठवण्याआधी त्यात खडा गार करून तारा नीट बसल्यात का, एवढंच बघायचो.

एका दुपारी तिथंच शून्य आलं. लोखंडाच्या खड्यात एवढ्या कमी थंडीत ते कुणालाच मिळालं नव्हतं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पुन्हा मोजा." मी सहा वेळा मोजलं. तोच खडा, त्याच तारा. सहाही वेळा शून्य. माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

रविवारी दुकानात जाऊन अण्णांना सांगितलं. हातातली तार खाली ठेवून त्यांनी विचारलं, "गार झाल्यावरच येतं का?"

"हो."

"मंग चिटकत असंल कुठंतरी, माय. आमच्या मोटारी गरम झाल्या की चिटकतात, तुझं गार झालं की चिटकत असंल. तारा सोडून नव्यानं लाव बरं."

समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मला संताप आला. "अण्णा, हे मोटारीचं काम नाय. तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

गिऱ्हाइकं हसली. अण्णाही हसले. "व्हय, ते बी खरंच," म्हणाले आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले. तोवर दर रविवारी ते विचारायचे, "काय म्हणतंय तुझं लोखंड?" त्यानंतर कधीच विचारलं नाही.

मी विभागातल्या सेमिनारमध्ये ते शून्य मोठ्या तोऱ्यात दाखवलं. मग त्याच नळीतला दुसरा खडा मोजला. शून्य नाही. तिसराही तसाच. शेवटी पहिल्या खड्याच्या तारा सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. विरोध मोजणाऱ्या मधल्या दोन तारांना एकाच जागी घासल्याची खूण होती. गार होताना त्या आखडून एकमेकींना टेकत होत्या आणि ऊब लागली की सुटत होत्या. नव्या तारा लावल्या आणि शून्य गेलं ते गेलंच.

सरांना त्याच दिवशी सांगितलं, सेमिनारला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. राहिले फक्त अण्णा. पुढचे दोन रविवार मी फुलंब्रीला गेले. त्यांच्याशेजारी बसून चहा प्यायले, पावसाचं बोलले, आईच्या गुडघ्यांचं बोलले. ओठांवर आलेलं दोन्ही वेळा गिळलं. तिसऱ्या रविवारी नक्की सांगायचं, असं ठरवलं होतं. त्याआधीच्या बुधवारी अण्णा दुकानात, उघडलेल्या मोटारीवर डोकं टेकून गेले.

त्यांचा मीटर मी प्रयोगशाळेत आणला. कुठल्याही खड्यात शून्य आलं, तर आधी तारा सोडून दोनदा नव्यानं लावायच्या आणि गार झाल्यावर टेकल्यात का ते या मीटरवर बघायचं, असा नियम केलाय. आता माझे विद्यार्थी विचारतात, "मॅडम, हा नियम कुणाचा?"

"जुना आहे," एवढंच मी म्हणते. अण्णांचं नाव घ्यायला अजून धीर होत नाही.